गुरुजनांचे मत
१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यायोगे यवतमाळच्या शिक्षकांच्या पदरी काय पडले, याचा उल्लेख क्वचितच होतो. जुन्या मध्यप्रदेशात विधानपरिषद नव्हती, मुंबईस होती. आणि घटनेच्या १७१ व्या कलमान्वये परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडावयाच्या असतात. मात्र हे मत माध्यमिक व त्यावरील संस्थांत किमान तीन वर्षे शिकविणाऱ्यांनाच. आम्हां प्राथमिक शिक्षकांस ते नाही! उमेदवार मात्र शिक्षक असलाच पाहिजे असे बंधन नाही. म्हणजे ज्याने खडू हाती धरला नाही तो प्रतिनिधी होऊ शकतो, आणि मुळाक्षरे गिरवून घेणारा साधा मतदारही नव्हे.

१ मे १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या, आणि बदलीसाठी सदस्यांच्या ओसरीवर बसणे कित्येक गुरुजींच्या नशिबी आले. उरला तो संघटनेचा मार्ग. केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला संप ५४ दिवस चालला. त्यात कारकुनांबरोबर शिक्षकही होते. पुढे १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांचे जुने निवृत्तिवेतन बंद झाले, आणि त्यासाठी १४ ते २० मार्च २०२३ या काळात पुन्हा संप झाला. आपल्याच ज्ञातीतील काही घरांत त्या वेळी पित्यास निवृत्तिवेतन मिळत होते आणि शिक्षक पुत्र त्याच हक्कासाठी संपावर होता.