वाट दुसऱ्याच्या पुलाखालून

वरळी कोळीवाड्यातल्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात उतरतात. ही वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू सुरू झाला. पुढे त्याला किनारी रस्ता जोडताना दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरले. वारा आणि पाण्याची ओढ असताना होडी सरळ चालत नाही, तिरकी सरकते, म्हणून एवढी फट जीवघेणी, हे कोळ्यांचे म्हणणे. दीर्घ आंदोलनानंतर जानेवारी २०२३ मध्ये सरकारने १२० मीटर मान्य केले.

पुढच्याच महिन्यात इंटरनेटवर असाच प्रसंग घडला. ट्विटरने २००६ मध्ये आपले एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना मंचाशी जोडणारे दार, खुले केले होते. छोटा सर्व्हर उभारायचा, ओळख पटवणारे टोकन जोडायचे, की हवामानाचा इशारासुद्धा आपोआप पोस्ट होई. विनंत्यांची मर्यादा ओलांडली तर ‘४२९’ हा त्रुटीचा आकडा परत येई. २ फेब्रुवारीला कंपनीने मोफत प्रवेश बंद करण्याची घोषणा केली, मुदत जेमतेम आठवड्याची.

कुणी म्हणेल, समुद्र सार्वजनिक, कंपनीचा मंच खासगी. शिवाय सर्व्हर चालवायला पैसा लागतोच. खरे आहे, शुल्क घ्यावे. पण धडा त्या फरकातच आहे: कोळ्यांना दाद मागायला सरकार होते, प्रोग्रामरपुढे फक्त दुसरी वाट शोधणे उरले. अशी एक वाट म्हणजे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये प्रमाणित केलेले ॲक्टिव्हिटीपब, वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या समाजमाध्यमांना एकमेकांशी जोडणारी खुली नियमावली. तिथे नियम जाहीर असतात आणि सर्व्हर स्वतःचा ठेवता येतो. वहिवाट कागदावर आली, तरच ती हक्क होते. नाहीतर ती पूल बांधणाऱ्याची मेहेरबानी.