मृगयेची सोडत

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना शिकारीचा विषयच रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो छंद म्हणून उरलाही नाही. पण येथे प्रश्न हत्येचा नसून वाटपाचा आहे. वस्तू थोडी, मागणारे फार आणि हक्क मात्र सर्वांचा सारखा, अशा वेळी ती कोणाच्या पदरात घालावी? देवस्थानाच्या किंवा गावकारीच्या कारभारात वावरलेल्या माणसास हा पेच नवा नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शिकारीच्या परवान्यांवरून त्याला जी वळणे लागली, ती पाहण्याजोगी आहेत.

जुन्या युरोपात रानातले मोठे जनावर म्हणजे राजाचे धन. इंग्लंडात राजाचे हरीण मारणाऱ्यास प्राण किंवा अवयव गमवावा लागे; ती शिक्षा १२१७ च्या वनसनदेने उठविली. आपल्याकडे कोल्हापूरकरांचे दाजीपूरचे रानही राजाच्या शिकारीसाठी राखलेले असे. अमेरिकेने निराळी वाट धरली. १८९६ मध्ये गीअर विरुद्ध कनेक्टिकट या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वन्य पशू हे राज्यातील समस्त जनतेचे आणि सरकार हे तिच्या वतीने त्यांचा सांभाळ करणारे, असे ठरविले. पुढे १९७९ मध्ये त्या न्यायालयाने मालकीची ही मीमांसा टाकून दिली. विश्वस्तपणाची कल्पना मात्र टिकली.

परंतु सर्वांचे म्हणून सर्वांनी मारीत सुटल्यावर कळप राहतात कोठे? राज्या-राज्यांनी शिकार बंद केली आणि जनावरे पुन्हा वाढल्यावर ती मोजूनमापून खुली केली. ईशान्येकडील मेन राज्याचे उदाहरण घ्या. मूस नावाचे घोड्याहून उंच सांबर तेथे आहे. त्याची शिकार १९३५ मध्ये थांबविली होती. १९८० मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा परवाने निघाले अवघे ७००. साहजिकच सोडत काढावी लागली. पुढे ही सोडत म्हणजे एक जत्राच झाली. जून महिन्यात एखाद्या गावी लोक जमतात, नावे मोठ्याने वाचली जातात, आणि ज्याचे नाव येत नाही तो पुढच्या वर्षाची आशा बांधून घरी परततो. नावे उघड्यावर वाचली जाण्याला आम्ही फार मोल देतो. देवापुढे चिठ्ठ्या टाकताना उचलणारे मूल अजाण असावे आणि पंचमंडळी समोर बसलेली असावी, असा जो आपल्याकडे आग्रह असतो, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

पश्चिमेकडील राज्यांत, जेथे एल्क आणि मोठ्या शिंगांची रानमेंढी यांच्यामागे लोक वेडे होतात, तेथे निव्वळ चिठ्ठी पुरेनाशी झाली. पंधरा-पंधरा वर्षे अर्ज करून एकास काही मिळू नये आणि शेजाऱ्यास दोनदा मिळावे, ही तक्रार खोटी नव्हती. त्यावर तोडगा निघाला तो गुणांचा. ज्याचा अर्ज फुकट गेला त्याच्या खाती एक गुण जमा. कोलोरॅडोसारख्या ठिकाणी परवाने प्रामुख्याने जास्त गुणवाल्यास आधी, अशी रीत पडली. ऐकताना किती न्याय्य वाटते! पण तिने सोडतीची रांग करून टाकली.

थोडा हिशेब करू. एका डोंगरात वर्षाला १० परवाने आहेत आणि पहिल्या वर्षी १०० अर्ज आले, असे समजा. ९० जण मागे राहिले. त्यांतील शेवटच्याची पाळी नऊ वर्षांनी येईल. हे सोसण्यासारखे आहे. आता दरवर्षी २० नवे अर्जदार येऊ लागले. जातात १०, येतात २०. वीस वर्षांनी रांगेत २९० माणसे उभी असतील. कोलोरॅडोत बाराव्या वर्षापासून असा परवाना मिळू शकतो. त्या वयाचे पोर या रांगेत शिरले तर त्याची पाळी येईल एकेचाळिसाव्या वर्षी. मागणी फुगली की गुणही फुगतात आणि नवागताच्या दृष्टीने दार बंदच होते. ही रांग आधी आलेल्यांना न्याय देते, मागून जन्मलेल्यांना नाही.

नेवाडाने चिठ्ठ्याच ठेवल्या, पण जमलेल्या गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवायचा असे ठरविले. म्हणजे दहा गुणवाल्याच्या नावे १०१ चिठ्ठ्या आणि नवख्याची एक. त्याचे नाव निदान हंड्यात असते एवढेच.

परराज्यातल्या माणसाचा हक्क किती, हाही वाद न्यायालयापर्यंत गेला. माँटानात १९७६ साली स्थानिकास एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्यास मात्र २२५ डॉलर भरून अनेक जनावरांचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला. शिकार ही करमणूक आहे, मूलभूत हक्क नव्हे, असे कारण दिले. आम्हास हा निकाल कायद्याने समजतो, मनाला पुरता पटत नाही. ती राने पुष्कळशी मध्यवर्ती सरकारची, म्हणजे साऱ्या देशाची आहेत.

आणि पैसा? मोजके परवाने लिलावात काढतात. माँटानात २०१३ मध्ये रानमेंढीच्या एका परवान्याला ४,८०,००० डॉलर आले. ही रक्कम मेंढ्यांच्याच जतनास लागते, हे खरे. गोमंतकातील देवळांत पावणी होते तेव्हाही श्रीमंताचा पैसा देवकार्यास लागतोच. परंतु पावणीत बोली लावता आली नाही म्हणून कोणाचे दर्शन चुकत नाही. येथे हंड्यातून एक चिठ्ठी कमी होते.

न्यू मेक्सिकोने गुणांची भानगड आजवर ठेवलेली नाही. तेथे शेकडा ८४ परवाने स्थानिकांस, १० वाटाड्यांबरोबर जाणाऱ्यांस आणि ६ इतर परक्यांस, आणि आत साधी चिठ्ठी. आयडाहोत रानमेंढीसाठी अर्ज करणाऱ्याला पहिल्या सोडतीत एल्कचा मोह बहुधा सोडावा लागतो, म्हणून गर्दी आपोआप ओसरते. आमचा कल या दोघांकडे आहे. पण ज्या राज्यांनी वीस-तीस वर्षे गुण विकले, त्यांना मागे फिरणे कठीण झाले आहे. दरसाल शुल्क भरून गुण साठविलेला साठीचा गृहस्थ त्यांना ठेव समजतो आणि ती बुडविली तर तो फसवणूक झाली म्हणणारच. यूटाने निम्मे परवाने गुणवंतांस आणि निम्मे चिठ्ठीस दिले. नवे गुण देणे थांबवून, जुने ठरावीक मुदतीत फेडून, तो निम्मा वाटा हळूहळू हंड्यात परत घालणे, एवढेच आम्हास शक्य दिसते.