ड्रिलला चाप कुठून आला?

आपण इथे बहुतेक वेळा लढाया आणि तोफांबद्दल बोलतो. आजची गोष्टही पिस्तुलापासून सुरू होते, पण पोचते तुमच्या-माझ्या घराच्या भिंतीपर्यंत. घराचं काम काढलं, की हत्यारं कोणती घ्यायची, हा प्रश्न मला निवृत्तीनंतर फार जण विचारतात.

विजेच्या ड्रिलचं पेटंट 1889 साली मेलबर्नमध्ये आर्नॉट आणि ब्रेन या दोघांनी घेतलं. 1895 मध्ये जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं ते हातात धरण्याजोगं केलं. पण हातात म्हणजे दोन्ही हातांत, सगळा जोर लावून. एका माणसाचं काम नीट व्हायला आणखी वीस वर्षं लागली.

1910 साली अमेरिकेत बाल्टिमोरला ब्लॅक आणि डेकर या दोन मित्रांनी प्रत्येकी 600 डॉलर घालून कारखाना काढला. ब्लॅकनं त्यासाठी स्वतःची मोटार विकली. ड्रिल सुटसुटीत कसं करावं, याचा विचार करताना त्यांच्यासमोर कोल्टचं पिस्तूल होतं, असं सांगतात. मूठ पिस्तुलाची आणि बोटाखाली चाप. 1917 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आज जगातलं जवळजवळ प्रत्येक ड्रिल त्याच आकाराचं आहे.

फौजी माणूस म्हणून मला यातली मोठी गोष्ट चाप वाटते. बोट सुटलं की यंत्र थांबतं. हत्यार निवडताना मी आधी हेच बघतो, वॅट नंतर.

पुढे दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या कारखान्यांतले कामगार ही ड्रिलं गुपचूप घरी न्यायला लागले. घरातल्या कामालाही लोकांना हे हवं आहे, हे कंपनीनं त्यावरून ओळखलं आणि 1946 मध्ये घरगुती ड्रिलं बाजारात आणली. (बॅटरीचं ड्रिल नासानं शोधलं, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. ते 1961 सालीच दुकानात आलं होतं. चंद्रावर ड्रिल गेलं ते 1971 मध्ये, अपोलो 15 बरोबर.)

आता आपल्या भिंती. अमेरिकन घर बहुतांशी लाकडाचं, आपलं विटांचं आणि आरसीसीचं. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून खरेदी करू नका. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हलके ठोके देतात. विटेला ते पुरतात. कॉलम-बीमला नाही. तिथे तुम्ही घाम गाळता आणि बिट जळतं. त्यासाठी रोटरी हॅमर. त्यात दट्ट्या हवा दाबतो, दाबलेली हवा ठोका देते, माणसानं रेटायची गरज नाही. हॅमरचा इतिहासही जुना आहे, बॉशनं पहिला 1932 मध्ये आणला. घरासाठी दोन-अडीच किलोचा बास. बाथरूमची फरशी उखडायला मोठा लागतो, तो विकत घेऊ नका, दोन दिवस भाड्यानं आणा.

राहिला ग्राइंडर. वेगानं फिरणारा, हातात धरायचा अँगल ग्राइंडर 1954 साली जर्मनीत फ्लेक्स कंपनीनं काढला. तिकडे या कामाला अजून ‘फ्लेक्सन’ म्हणतात. आपल्याकडे याच्याइतकं उपयोगी आणि याच्याइतकं बेदरकारपणे वापरलं जाणारं दुसरं यंत्र नाही. हिशेब करून बघा. चार इंची चकती मिनिटाला 11,000 फेरे घेते, म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर.

सिकंदराबादला माझ्या घराचं काम चाललं होतं. फरशी कापणाऱ्या मुलानं चार इंची यंत्रावर पाच इंची चकती चढवली. ती गार्डमध्ये मावत नाही, म्हणून गार्ड काढून टाकलं. मी चहाचा कप घेऊन समोर उभा होतो. सगळं दिसत होतं. फायरिंग रेंजवर तीस वर्षं मी सेफ्टी तपासल्याशिवाय एकाही जवानाला पुढे जाऊ दिलं नाही, आणि इथे मनात म्हणालो, रोज करतो तो, त्याला कळतं. दहा मिनिटांत चकती फुटली. एक तुकडा चौकटीत रुतला, दुसरा त्याच्या कोपराखाली. सात टाके पडले. दवाखान्यात तोच मला म्हणत होता, “साहेब, फरशी वाया गेली, पैसे कापू नका.”

पैसे कापण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी राणीगंजच्या बाजारात गेलो आणि गार्डसकट पाच इंची ग्राइंडर घेतला. दुकानदारानं आधी दाखवला त्याला सरकवून अडकवायचं बटण होतं. म्हणजे यंत्र हातातून पडलं तरी फिरतच राहणार. मी तो परत केला. म्हटलं, बोट सोडलं की थांबणारा दाखवा. तो जरा महाग पडला. काम संपलं तेव्हा तो यंत्रासकट त्या मुलाला देऊन टाकला. गार्डचा स्क्रू मात्र मी स्वतः घट्ट केला होता.