चौशिंगा: नाव कुणी दिले, कसे दिले?

आज बोलायचे आहे चौशिंग्याच्या नावाबद्दल. रायपूरपासून साधारण 100 किलोमीटरवरच्या बारनवापारा अभयारण्यात हा प्राणी आहे. झुडपातून शेळीएवढे तपकिरी काही सटकले की आपण ‘हरीण गेले’ म्हणतो आणि गाडी पुढे काढतो.

पण चौशिंगा हरीण नव्हे, कुरंग आहे. हरणाची शिंगे दरवर्षी गळून नवी येतात, कुरंगाची जन्मभर टिकतात. चौशिंग्याचे वजन जेमतेम 20 किलो, तरी त्याचा सर्वांत जवळचा नातलग आहे धिप्पाड नीलगाय. गाय-शेळी-कुरंगांच्या साऱ्या कुळात शिंगांच्या दोन जोड्या असलेला रानटी प्राणी हा एकच. तोही फक्त नर. मादीला शिंगेच नसतात.

शास्त्रीय नाव दिले फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ब्लँव्हिल यांनी, 1816 मध्ये. ‘क्वाड्रिकॉर्निस’ म्हणजे लॅटिनमध्ये चार शिंगांचा. पुढे 1825 मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ लीच यांनी ‘टेट्रासेरस’ हा पहिला शब्द दिला. ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ चार शिंगे! आपल्या ‘चौशिंगा’ या एका शब्दात जे मावते, ते युरोपने दोन भाषांत दोनदा सांगितले.

त्याच 1825 मध्ये बंगाल तोफखान्याचे जनरल हार्डविक यांनी याच प्राण्याला ‘अँटिलोप चिकारा’ म्हटले. शब्द इथला, पण घोटाळ्याचा. कारण चिंकारा हे वेगळेच कुरंग. त्याला 1831 मध्ये मुंबई फौजेतले कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या प्राण्यांची यादी करताना ‘बेनेटी’ नाव दिले. नियम असा की आधीचे वैध नाव टिकते. त्यामुळे हार्डविकांचे नाव बाद झाले, ब्लँव्हिलांचे राहिले.

मराठी मुलखाचा दुवा पुढे आहे. सर वॉल्टर इलियट मुलकी अधिकारी होते. 1824 च्या कित्तूरच्या उठावात ते कैदेत पडले होते. त्यांनी 1839 मध्ये ‘दक्षिण मराठा मुलखा’तल्या, म्हणजे धारवाडकडच्या, सस्तन प्राण्यांची यादी छापली. त्यात या प्राण्याला ‘सबक्वाड्रिकॉर्नुटस’ म्हटले, म्हणजे चार शिंगांना थोडा कमी. दक्षिणेकडच्या नरांची पुढची शिंगे पुष्कळदा नुसती टेंगळे असतात. इलियटांचे ते नाव आज उपजातीचे नाव म्हणून शिल्लक आहे.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? वन्यजीव कायदा 1972 चा. त्याखाली चौशिंगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. भेकर मात्र कित्येक वर्षे तिसऱ्या अनुसूचीत होते, तिथे शिक्षा सौम्य. आमच्या छत्तीसगडात भेकराला कोटरी म्हणतात. बिनशिंगाची चौशिंगा मादी मारली गेली आणि पंचनाम्यात ‘कोटरी’ लिहिले गेले, तर तेव्हा गुन्हाच बदलायचा. शिवाय त्या जंगलात चौशिंगा होता, याची नोंदही राहत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच: जंगलात गेलात तर ‘हरीण’ म्हणून थांबू नका. नेमके नाव विचारा, गावचे नावही लिहून ठेवा. ज्याचे नाव नोंदीत नाही, त्याच्या बाजूने कुणी उभे राहू शकत नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.