कृष्णाकाठच्या जलदेवता

सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा, तिच्या उपनद्या, डोह आणि विहिरी यांच्या ठायी वास करतात अशी श्रद्धा असलेल्या देवता. त्यांची दोन कुळे आहेत : माहात्म्यकथांतून आलेली नदीरूप दैवते आणि पाण्याकाठी शेंदूर लावलेल्या दगडांत पुजल्या जाणाऱ्या साती आसरा. पहिल्यांची देवळे मोठी. रोजच्या जगण्यात वचक मात्र दुसऱ्यांचा.

नद्यांची उत्पत्तिकथा क्षेत्र महाबळेश्वरची आहे. ब्रह्मदेवाने सह्याद्रीवर यज्ञ मांडला. सावित्रीला यायला उशीर झाला आणि मुहूर्त टळू नये म्हणून तिच्या जागी गायत्रीला बसवले. संतापलेल्या सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला. विष्णू कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाला. सावित्री व गायत्री याही नद्या होऊन पश्चिमेकडे गेल्या. या कथेला भूगोलाची नेमकी जाण आहे. सावित्री खरोखरच कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. उरलेल्या तिघी देशावर येतात. वेण्णा माहुलीला आणि कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. म्हणजे कथेच्या हिशेबाने कऱ्हाडच्या खाली तिन्ही देव एकाच पात्रातून वाहतात. या नद्यांच्या धारा जुन्या महाबळेश्वरी पंचगंगा मंदिरात एकत्र दाखवल्या जातात. जवळच कृष्णाबाईचे काळ्या दगडाचे वेगळे मंदिर आहे.

ग्रीक पुराणांतही नद्या देवच आहेत, पण बहुतेक पुरुष, ओकेआनोस व टेथिस यांचे पुत्र. आखेलोओस बैलाचे रूप घेऊन हेराक्लीसशी झुंजतो. ‘इलियड’मध्ये प्रेतांनी प्रवाह कोंडला म्हणून स्कामांद्रोस खवळून अकिलीसवर धावून जातो. कृष्णाकाठी उलटे आहे. इथे विष्णूसुद्धा नदी होताच बाई होतो आणि लोक त्याला ‘कृष्णामाई’ म्हणतात.

लोकांचे या माईशी असलेले नाते सर्वांत ठळक दिसते ते वाईच्या कृष्णाबाई उत्सवात. १६५९ साली अफझलखानाचा तळ वाईला असताना शिवाजी महाराजांना यश मिळावे म्हणून नदीला नवस केला गेला आणि त्याच्या फेडीतून उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे. हिवाळा सरताना सुरू होणारा हा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर जातो : भीमकुंड आळी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. प्रत्येक आळी आपल्या घाटावर मंडप घालून देवी बसवते. कीर्तने होतात, महाप्रसादाच्या पंगती उठतात, बायका ओटी भरतात. एका नदीचा इतका लांबलेला लोकोत्सव महाराष्ट्रात विरळाच.

साती आसरा म्हणजे सात अप्सरा. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी ही त्यांची नावे सांगतात. त्यांत मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर ओळखू येतात. ग्रीकांच्या झऱ्यांतील नायाडांशी त्यांचे साम्य आहे, पण आसरा अधिक करड्या. डोहावर एकटीदुकटी गेलेली पोर किंवा बाळंतीण त्या ‘धरतात’, असा समज आहे. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, दहीभात देऊन त्यांना शांत करतात. शेजारी अनेकदा त्यांचा राखणदार भाऊ म्हसोबा असतो. या भीतीला आधार आहे : डोह खोल असतात, आणि सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबर परिसरात कृष्णेत आजही मगरी आहेत. नदी व स्त्रीत्व यांच्या या नात्यावर ॲन फेल्डहाउस यांचा १९९५ चा इंग्रजी ग्रंथ महत्त्वाचा आहे.

सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेत येते. संगमावर संगमेश्वराचे देऊळ आहे. खाली नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी पादुकांवरून जाऊन दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा भाविक त्या पाण्यात स्नान करतात. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. याच नदीच्या पुराचे पाणी २००५, २०१९ व २०२१ मध्ये सांगलीच्या घराघरांत शिरले. माईचा राग ओसरावा म्हणून पुराला साडीचोळी आणि नारळ वाहण्याची रीत तेव्हाही पाळली गेली.

गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, असे मानतात. तो कन्यागत पर्वकाळ. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे.