‘कॉन्व्हेंट’ म्हणजे नक्की काय? कॅथलिक शाळांचा इतिहास, हेतू आणि अभ्यासक्रम

टाय-बूट घालून पोरगं पिवळ्या गाडीत बसलं की गावात म्हणतात, ‘कॉन्व्हेंटला जातंय.’ विदर्भात तर बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणायची पद्धत आहे. मूळ अर्थ वेगळा. कॅथलिक सिस्टर राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट, आणि त्यांनी चालवलेली ती कॉन्व्हेंट शाळा. पाटीवर ‘सेंट’ लिहिलं म्हणून शाळा कॅथलिक होत नाही. खरी कॅथलिक शाळा बिशपांचा धर्मप्रांत किंवा जेज्वीट, सलेशियन यांच्यासारखा एखादा संघ चालवतो.

इतिहास गोव्यापासून सुरू होतो. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये तिथं आले. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात 1556 मध्ये भारतातला पहिला छापखाना आला. पुढे 1599 मध्ये जेज्वीटांनी जगभरातल्या आपल्या शाळांसाठी एकच शिक्षणपद्धत ठरवली. पायरीपायरीने वर्ग, रोजची उजळणी, वादविवाद, नाटक हे सगळं त्यात होतं. इंग्रजांच्या काळात जर्मन जेज्वीटांनी पुण्यात 1867 मध्ये सेंट व्हिन्सेंट आणि मुंबईत 1869 मध्ये सेंट झेवियर्स सुरू केलं.

ही झाली शहरातली गोष्ट. नगर जिल्ह्यात मात्र चित्र वेगळं होतं. 19व्या शतकाच्या अखेरीस राहुरी तालुक्यातल्या केंदळपासून फादर लोकांनी काम सुरू केलं. गावातल्या शाळेत ज्यांना बाहेर बसावं लागायचं, त्या मुख्यतः महार समाजाच्या मुलांना त्यांनी शिकवलं, तेही मराठीतून. शाळेला जोडून बोर्डिंग असायचं. दुष्काळात घर सोडावं लागणाऱ्या आईबापांना त्याचा मोठा आधार झाला. वसईतले कॅथलिक तर मराठीच बोलतात, आणि तिथं चर्चच्या मराठी शाळा आहेत. म्हणजे कॅथलिक शाळा इंग्रजीच असते हा समज चुकीचा आहे.

हेतू दोन. आपल्या मुलांना धर्माचं शिक्षण देणं आणि गरिबाला शिकवणं. 1965 च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यात गरिबांची, निराधारांची आणि दुसऱ्या श्रद्धेच्या मुलांचीही काळजी घ्या, असं सांगितलं आहे. या शाळांवर धर्मांतराचा संशय घेतला जातो. शहरातल्या शाळा पैसेवाल्यांच्या झाल्या अशीही टीका होते, आणि फीचे आकडे बघता ती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

अभ्यासक्रम वेगळा नसतो. शाळा राज्य मंडळाची असेल तर बालभारतीचीच पुस्तकं आणि दहावीची तीच परीक्षा. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो. बाकीच्यांना साधारणपणे नीतिशिक्षण असतं. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. राज्यघटनेचं कलम 28(3) तसं सांगतं.

प्रवेशाच्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवा. शाळा चालवायचा हक्क अल्पसंख्याकांना कलम 30 ने दिला आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या निकालानुसार अल्पसंख्याक शाळांना आरटीईच्या 25 टक्के मोफत जागा लागू होत नाहीत. त्या निकालाचा फेरविचार व्हावा, असं 2025 मध्ये त्याच कोर्टाच्या दुसऱ्या खंडपीठाने म्हटलं आहे. ‘सेंट’ नावाच्या पण अल्पसंख्याक दर्जा नसलेल्या खासगी विनाअनुदानित शाळेला मात्र ही सूट नाही. त्यामुळे फी भरण्याआधी शाळेकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. 11 अंकी यूडायस क्रमांकही मागून घ्या. त्यावरून शाळेचं व्यवस्थापन आणि माध्यम मोबाइलवर बघता येतं.