गुन्हेगार जमाती कायदा

गुन्हेगार जमाती कायदा हा ब्रिटिश भारतातील एक कायदा होता. तो १२ ऑक्टोबर १८७१ रोजी संमत झाला. व्यक्तीने काय केले यापेक्षा ती कोणत्या समूहात जन्मली, यावरून तिला संशयित ठरवून तिच्या हालचालींवर निर्बंध घालण्याचा अधिकार या कायद्याने शासनाला दिला. स्वतंत्र भारतात तो १९५२ मध्ये रद्द करण्यात आला. त्याच्या कक्षेतून मुक्त झालेल्या समूहांना विमुक्त जाती किंवा विमुक्त जमाती म्हणतात.

पार्श्वभूमी

स्थिर शेती व जमीनमहसूल यांवर आधारलेल्या वसाहतकालीन प्रशासनाला भटके समूह संशयास्पद वाटत. जातीगणिक व्यवसाय वंशपरंपरेने चालतो, तसा गुन्हाही चालतो, अशी अनेक अधिकाऱ्यांची धारणा होती. बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहून नेत असे. रेल्वे आल्यावर हा व्यवसाय बसला. उपजीविका गमावलेल्या अशा समूहांवरील संशय पुढे वाढत गेला.

तरतुदी

एखाद्या जमातीला ‘गुन्हेगार’ घोषित करणाऱ्या अधिसूचनेला न्यायालयात आव्हान देता येत नसे. घोषित जमातीच्या सदस्यांची नावे नोंदवहीत घेतली जात. नेमून दिलेली हद्द ओलांडण्यासाठी परवाना लागे. नियमभंगास कैद, दंड किंवा फटक्यांची शिक्षा होती. याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांच्या नोंदणीची तरतूद होती.

१८९७ च्या दुरुस्तीने मुलांना पालकांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची मुभा मिळाली. १९११ च्या कायद्याने व्याप्ती संपूर्ण ब्रिटिश भारतात वाढली. बोटांचे ठसे घेणे व ठरावीक काळाने हजेरी देणे या तरतुदीही त्यात होत्या. १९२४ मध्ये हे सर्व कायदे एकत्रित करण्यात आले.

वसाहती

घोषित समूहांना ठेवण्यासाठी ‘सेटलमेंट’ नावाच्या वसाहती उभारण्यात आल्या. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग इत्यादी ठिकाणी त्या होत्या. रहिवाशांना हजेरी द्यावी लागे व परवानगीशिवाय बाहेर जाता येत नसे. सोलापुरात त्यांना कापड गिरण्यांत कामाला लावले जाई; सुधारणेच्या नावाखाली उद्योगांना बांधील मजूर मिळत.

निरसन व परिणाम

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर रद्द झाला. मात्र अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांविषयी कायदे केले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा आहे. हे कायदे व्यक्तीच्या शिक्षांच्या इतिहासावर आधारलेले असले, तरी विमुक्तांवरील पोलिसी संशय कायम राहिला, अशी टीका होते.

महाराष्ट्रात बेरड, रामोशी, कैकाडी, कंजारभाट, वडार, बंजारा, पाल पारधी यांसह १४ जातींचा समावेश विमुक्त जातींत होतो. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांनी भटक्या-विमुक्तांचे जगणे मराठी साहित्यात आणले.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातीनिहाय कामवाटपाच्या व विमुक्त जमातींविरुद्ध भेदभाव करणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.